पत्रात 'ए चायनीज' लिहावं का? देशावरून माणसाला इंग्रजीत काय म्हणायचं

पळसपान

नमस्कार मंडळी. मी परळच्या एका रुग्णालयात परदेशी रुग्णांच्या कक्षात आहे. आमच्याकडे ओमान, येमेन, केनिया, टांझानिया, सुदान, काँगो, बांगलादेश, उझबेकिस्तान अशा ठिकाणांहून माणसं उपचाराला येतात. मधूनच एखादा चिनी किंवा युरोपियन इंजिनियर असतो, इथे कामावर आलेला आणि आजारी पडलेला. या सगळ्यांची पत्रं आम्ही लिहितो: व्हिसासाठी वकिलातीला, मुक्काम वाढवायला, विमा कंपनीला, विमानप्रवासाला हरकत नसल्याचा दाखला. प्रत्येक पत्राचं पहिलं वाक्य एकच असतं: अमुक नावाचा रुग्ण, वय इतकं, अमुक देशाचा.

हा 'अमुक देशाचा' इंग्रजीत कसा लिहायचा यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. एक सिनियर सर म्हणतात, 'ए चायनीज' डिक्शनरीत आहे, बिनधास्त लिहा. दुसऱ्या मॅडम म्हणतात, तसं लिहिलं तर समोरच्याचा अपमान होतो. आता पत्रांचे नमुने नव्याने करायचं काम माझ्याकडे आलंय. एकदा नमुना ठरला की पुढची काही वर्षं तोच चालणार, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे.

'ॲन इंडियन' चालतं, 'टू इंडियन्स' चालतं, मग 'टू चायनीजेस' का चालत नाही? फ्रेंच माणसाला 'ए फ्रेंच' म्हणत नाहीत असं ऐकलंय, मग काय म्हणतात? बाईला काय? मी लालबागला मराठी माध्यमात शिकले. देश आणि त्याचं विशेषण असा तक्ता आम्ही घोकला होता, पण 'त्या देशाच्या माणसाला काय म्हणायचं' असा रकानाच त्यात नव्हता. यामागे काही नियम आहे का, की सगळं पाठच करायचं?

रानवारा

ताई, एवढा विचार कशाला? सरसकट 'नॅशनल' जोडून टाका. चायनीज नॅशनल, फ्रेंच नॅशनल, ओमानी नॅशनल. सरकारी पत्रात हेच लिहितात. विषय संपला.

डोलकाठी

रानवारा यांनी सांगितलेला तोडगा पत्रापुरता बरोबर आहे, पण पळसपान ताईंनी नियम विचारलाय आणि तो कळला तर बोलतानाही उपयोगी पडेल. म्हणून सविस्तर लिहितो.

माझी सगळी नोकरी बॅलार्ड इस्टेटमध्ये, जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या एका कचेरीत झाली. जहाज बंदराला लागण्याआधी क्रू लिस्ट द्यावी लागते. आडवा कागद, एकेका खलाशाची एकेक ओळ: नाव, हुद्दा, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, जन्मस्थळ, पासपोर्ट किंवा सीडीसीचा (खलाशाच्या नोकरीच्या पुस्तिकेचा) नंबर. एकाच कागदावर कॅप्टन पोलंडचा, चीफ इंजिनियर हॉलंडचा, बोसन फिलिपिन्सचा, मेसमन म्यानमारचा आणि थर्ड मेट आपल्या रत्नागिरीचा. नाव आणि नंबर पासपोर्टवरून उतरवता येतात. डोकं लागतं ते राष्ट्रीयत्वाच्या रकान्याला. त्या रकान्यात काय लिहायचं आणि तोच माणूस कचेरीत समोर येऊन बसला की त्याच्याबद्दल बोलायचं कसं, या दोन गोष्टी इंग्रजीत वेगळ्या आहेत. घोळ होतो तो इथेच.

हे समजायला मराठी कान पुरेसा आहे. आपण 'तो इंग्रज आहे' म्हणतो आणि 'ती इंग्रजी भाषा आहे' म्हणतो. तुर्क आणि तुर्की, अरब आणि अरबी. माणसाला एक शब्द, त्याच्या गोष्टींना दुसरा. 'तो एक इंग्रजी आहे' असं आपलं शाळकरी पोरही म्हणणार नाही. इंग्रजीतही काही देशांचं अगदी असंच आहे. टर्किश हे विशेषण, माणूस मात्र टर्क. पोलिशचा पोल, डॅनिशचा डेन, स्वीडिशचा स्वीड, फिनिशचा फिन, स्पॅनिशचा स्पॅनियर्ड, स्कॉटिशचा स्कॉट. 'ए पोलिश' हे आपल्या 'एक इंग्रजी' सारखंच कानाला खटकतं.

दुसरीकडे आपल्याकडे 'जपानी', 'रशियन', 'बंगाली' हे शब्द दोन्हीकडे चालतात: जपानी माणूस, जपानी बाहुली, आणि 'एक जपानी आला होता'. इंग्रजीत 'इयन' किंवा 'अन' ने संपणारे शब्द तसे आहेत. इंडियन, केनियन, टांझानियन, इजिप्शियन, मेक्सिकन. यांना 'ए' लावा, 'एस' लावा, काहीच अडत नाही. ज्यांच्या शेवटी आपली 'ई' आहे तेही तसेच: ओमानी, येमेनी, इराकी, कुवेती, पाकिस्तानी, बांगलादेशी. 'टू ओमानीज' बिनदिक्कत लिहा. ही 'ई' इंग्रजीची स्वतःची नव्हे, ती अरबी-फारसीतून त्यांच्याकडे गेली. मालवणी, कोल्हापुरी म्हणणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. तुमच्या बहुतेक रुग्णांचा प्रश्न या दोन गटांतच सुटतो.

आता फ्रेंच. शेवटी 'श' किंवा 'च' आला की इंग्रजीत माणसासाठी 'मॅन' किंवा 'वुमन' जोडायची जुनी पद्धत आहे: फ्रेंचमन, फ्रेंचवुमन, तसंच इंग्लिश, आयरिश, वेल्श, डच यांचं. बायकांसाठीचे हे शब्द बरोबर आहेत, पण आजकाल कागदोपत्री फारसे दिसत नाहीत. 'ए फ्रेंच पेशंट' लिहिलं की स्त्री-पुरुष हा प्रश्न निघतच नाही. आधी 'द' लावून 'द फ्रेंच', 'द डच', 'द आयरिश' म्हटलं की अख्खं राष्ट्र झालं, आणि क्रियापद अनेकवचनी. एका माणसासाठी तो प्रयोग नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, चायनीज. या 'ईज' गटात बरेच देश आहेत: जॅपनीज, पोर्तुगीज, व्हिएतनामीज, बर्मीज, सुदानीज, काँगोलीज, लेबनीज, माल्टीज, भूतानीज. मूळ लॅटिन प्रत्यय. तोच पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडेही आलेला आहे, फक्त वेगळ्या वेशात: त्यांच्या 'इंग्लेझ' चा आपण इंग्रज केला आणि 'ओलांदेझ' चा वलंदेज, म्हणजे डच. शिवशाहीनंतरच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, यादी येते, त्यात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार असे सगळे आहेत; डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले. आपण त्या शब्दांची सरळ नामं केली, 'एक इंग्रज, दोन इंग्रज' म्हणायला लागलो. इंग्रजीत मात्र हे शब्द विशेषणच राहू पाहतात. एक काय आणि दहा काय, रूप बदलत नाही. कानाला शेवटचा 'ज' अनेकवचनासारखा लागतो म्हणून एकोणिसाव्या शतकात काहींनी तो कापून 'चायनी', 'पोर्तुगी' अशी एकवचनं पाडली. ती बहुधा हिणवण्यासाठी वापरली गेली.

अपमानाचा मुद्दा इथून सुरू होतो. मॅडमचं म्हणणं हवेतलं नाही. अमेरिकेत रेल्वे आणि खाणींवर राबायला गेलेल्या चिनी मजुरांबद्दल इतका द्वेष होता की १८८२ मध्ये त्यांना देशात येऊ न देण्याचा कायदाच झाला. त्या काळात 'चायनामन' हा शब्द शिवीसारखा फिरला. 'फ्रेंचमन' चालतं आणि 'चायनामन' चालत नाही, याला व्याकरणाचं कारण नाही, इतिहासाचं आहे. क्रिकेटवाल्यांना हा शब्द डावखुऱ्या मनगटी फिरकीसाठी ठाऊक असेल. विस्डेनच्या वार्षिकाने २०१८ मध्ये तो सोडून दिला. कुलदीप यादवला आज कुणी जाणता समालोचक तसं म्हणत नाही.

'ए चायनीज' ही शिवी नाही. डिक्शनरीत ते आहे, सरांचं तेवढं खरं. पण या इतिहासामुळे कित्येकांच्या कानाला ते उर्मट लागतं. उपाय सोपा आहे: 'ए' काढून टाका. 'ही इज चायनीज.' झालं. किंवा पुढे माणूस ठेवा: ए चायनीज पेशंट, ए जॅपनीज इंजिनियर. विशेषण वापरलं की जगातल्या कुठल्याही देशाबाबत तुम्ही चुकत नाही. क्रू लिस्टच्या रकान्यातही म्हणूनच विशेषण किंवा देशाचं नाव लिहायचं. 'पोल', 'डेन', 'स्वीड' तिथे लिहू नये.

बाराखडी

डोलकाठी काका, माहिती उत्तम. पण एक शंका. मी पवईत एका जपानी कंपनीसोबत काम करतो. आमचे तिकडचे सहकारी स्वतःच 'ॲज ए जॅपनीज, आय थिंक' असं बोलतात. त्यांनाच खटकत नाही तर आपण एवढं जपून का वागायचं?

डोलकाठी

बाराखडी, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, जपानी माणसं तसं बोलतात. स्वतःबद्दल कुणी काय म्हणावं हा त्याचा हक्क आहे. पण पत्र आपण त्याच्याबद्दल लिहितो, तेही आजारी माणसाबद्दल, आणि वाचणारा तिसराच कुणीतरी असतो. तिथे ज्या शब्दाबद्दल कुणाच्याच मनात किंतु येणार नाही तो शब्द हातात असताना दुसरा का निवडायचा?

आपल्या जवळचंच उदाहरण देतो. धोबीतलावच्या बाजूला गोव्याच्या गावागावांचे कूड आहेत, म्हणजे त्या त्या गावच्या माणसांची मुंबईत उतरायची सामायिक जागा. आमच्या कचेरीतून बोटीवर जाणारे कितीतरी जण तिथे उतरायचे. त्यांच्यातल्या कुणालाही 'गोअनीज' म्हटलेलं आवडायचं नाही. 'गोअन' म्हणा, असं ते स्पष्ट सांगायचे. दोन्ही शब्द गोव्याचेच, पण 'गोअनीज' साहेबाच्या तोंडचा, बटलर आणि खानसाम्यांना हाक मारायचा. डिक्शनरीत शोधलं तर तो सापडेलही. म्हणून मी आधी माणसाला विचारतो आणि डिक्शनरी नंतर उघडतो. नेपाळच्या लोकांचंही पाहा. 'नेपालीज' चुकीचं नाही, पण ते स्वतःला 'नेपाली' म्हणवतात, मग आपणही तेच म्हणावं.

आमच्याकडे वेल्सचा एक सेकंड इंजिनियर होता. ऑफिसातली पोरं त्याला 'इंग्लिशमन' म्हणायची. तो मुंबईत आला की दरवेळी न चिडता सांगायचा, कागदावर ब्रिटिश लिहा, बोलताना वेल्श म्हणा, पण इंग्लिश नको. त्याचं बरोबरच होतं. पासपोर्टवर 'ब्रिटिश सिटिझन' असतं. इंग्लिश, स्कॉटिश, वेल्श ही त्याच्या आतली ओळख. आपण मराठीत सगळ्यांना एकाच 'इंग्रज' मध्ये बसवलं. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश होता, विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही स्कॉटिश. आणि 'स्कॉच' हा शब्द व्हिस्कीसाठी ठेवा. त्या लोकांना तो स्वतःसाठी आवडत नाही.

वसईवाली

विषय पाहून राहवलं नाही. मी ईस्ट इंडियन. माहेर वसईकडचं, आता बांद्र्याला.

परदेशात गेले की हा शब्द समजावताना माझी दमछाक होते. अमेरिकेत 'ईस्ट इंडियन' म्हटलं की त्यांना वाटतं मी भारतातली कुणीही, म्हणजे 'रेड इंडियन' नव्हे ती. (तो शब्द तिथे आता सभ्य समजत नाहीत, नेटिव्ह अमेरिकन म्हणतात.) भारतातल्या लोकांना वाटतं मी बंगाल-ओरिसाकडची. प्रत्यक्षात आम्ही मुंबई, साष्टी आणि वसईचे मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीचीच बोली बोलणारे. पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा झाला, पुढे बेट इंग्रजांकडे गेलं. कंपनीच्या आणि रेल्वेच्या नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून ख्रिस्ती लोक मुंबईत येऊ लागले. नावं सगळ्यांची पोर्तुगीजच, डिसोझा, फर्नांडिस. इथले कोण आणि बाहेरून आलेले कोण हे साहेबाला कळावं म्हणून आमच्या पूर्वजांनी ईस्ट इंडिया कंपनीशी नातं सांगणारं हे नाव घेतलं. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन निघाली.

म्हणजे शब्द दिसतो देशाचा, पण तो देश दाखवत नाही. माझं राष्ट्रीयत्व 'इंडियन', समाज 'ईस्ट इंडियन'. दोन्ही मला तितकेच प्रिय आहेत. फॉर्म भरताना मुलं विचारतात तेव्हा हेच सांगते.

अँग्लो-इंडियनचंही असंच आहे ना? आधी तो शब्द भारतात राहणाऱ्या गोऱ्यांसाठी होता, नंतर मिश्र वंशाच्या लोकांसाठी झाला. आपल्या राज्यघटनेत ३६६ व्या कलमात त्याची व्याख्याच आहे: बापाकडून युरोपियन वंश आणि वास्तव्य भारतात. राष्ट्रीयत्व त्यांचंही भारतीयच.

पळसपान

सगळ्यांचे मनापासून आभार. डोलकाठी काका, इंग्रज-इंग्रजीचं उदाहरण मी आज ऑफिसात सांगितलं आणि सगळ्यांना लगेच कळलं.

वसईवाली ताईंनी जो मुद्दा काढला, तो आमच्याकडे रोज नडतो. परवाचीच फाइल सांगते. एक आजी, जन्म दार-ए-सलामचा, बोलतात कच्छी, राहतात लेस्टरला, पासपोर्ट ब्रिटिश. नोंदणीच्या मुलाने राष्ट्रीयत्वात 'इंडियन' टाकलं, कारण त्या साडीत होत्या आणि त्याच्याशी हिंदीत बोलल्या. अशा वेळी नक्की काय लिहायचं? आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असेल तर?

आणखी एक. आमच्याकडे दुभाषांच्या यादीवर 'अरेबियन इंटरप्रिटर' असं छापलंय. अरब, अरेबिक, अरेबियन यांत फरक काय?

डोलकाठी

आधी आजी. राष्ट्रीयत्व ब्रिटिश. दुसरं काही नाही. जन्मस्थळाच्या रकान्यात दार-ए-सलाम, टांझानिया. कच्छी ही भाषा, ती दुभाषाच्या रकान्यात. साडी कुठल्याच रकान्यात येत नाही. राष्ट्रीयत्व चेहऱ्यावर, आडनावावर किंवा बोलण्यावर ठरत नसतं, पासपोर्ट कुणी दिला यावर ठरतं. नोंदणीच्या मुलाला हे एकदा शांतपणे सांगा. त्याने आजींना आपलं समजलं यात वाईट काही नाही. पण चुकीच्या नोंदीने विम्याचं पत्र अडकतं आणि हाल त्याच आजींचे होतात.

ओसीआय कार्डाच्या नावात 'सिटिझन' आहे म्हणून लोक फसतात. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं जातं. ओसीआय ही आयुष्यभराच्या व्हिसासारखी सोय आहे, २००५ पासून सुरू झालेली. राष्ट्रीयत्वात पासपोर्टचा देश लिहायचा, ओसीआयचा नंबर वेगळा नोंदवायचा.

वंश आणि राष्ट्रीयत्व यांची गल्लत शब्दांमुळेही होते, म्हणून या जोड्या ध्यानात ठेवा. मलेशियन हा देशाचा माणूस. मले हा त्यातला एक समाज. क्वालालंपूरचा तमिळ मलेशियन आहे, मले नाही. श्रीलंकन आणि सिंहलीजचं तेच. बांगलादेशी आणि बेंगाली यांत तर मुंबईत रोज गफलत होते, आणि त्या गफलतीचा त्रास कोलकात्याहून पोटासाठी आलेल्या माणसाला होतो. उझबेकिस्तानच्या रुग्णाला 'उझबेक' म्हणतात. कझाकस्तानात मात्र 'कझाक' हा समाज आणि 'कझाकस्तानी' हा नागरिक, असा फरक करणारे लोक आहेत. अफगाणिस्तानचा माणूस अफगाण. अफगाणी हे त्यांच्या चलनाचं नाव. मराठीत आपण माणसालाही अफगाणी म्हणतो, म्हणून इंग्रजी पत्रात ते हमखास येतं.

अरबचं असं. मराठीत एक 'अरबी' शब्द सगळीकडे चालतो: अरबी भाषा, अरबी घोडा, अरबी समुद्र. इंग्रजीत त्याची वाटणी झालीय. अरब म्हणजे माणसं आणि त्यांचे देश. अरेबिक म्हणजे भाषा, लिपी, अंक. अरेबियन प्रामुख्याने भूगोलाला, म्हणजे आपला वरळीचा समुद्र, ते द्वीपकल्प, आणि तो घोडा. तुम्हाला भाषेचा दुभाषा हवाय, म्हणून 'अरेबिक इंटरप्रिटर' लिहा, मग तो मूळचा भेंडीबाजारचा असला तरी चालेल. आणि अरब हे राष्ट्रीयत्व नव्हे. मस्कतचा रुग्ण अरब असेल, पण रकान्यात ओमानी. इराणचा रुग्ण बहुधा अरब नसतोच, त्याला तसं म्हणू नका. तो इरेनियन, आणि भाषा पर्शियन.

हे सगळं क्रिकेटवाल्यांना एका उदाहरणात पटतं. वानखेडेवरची पहिली कसोटी, जानेवारी १९७५, क्लाइव्ह लॉइड नाबाद २४२. आपण त्याला वेस्ट इंडियन म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण वेस्ट इंडीज नावाचा देश नाही, त्या नावाचा पासपोर्ट नाही. लॉइड गयानीज, व्हिव्ह रिचर्ड्स अँटिग्वन, सोबर्स बार्बेडियन, लारा त्रिनिदादचा. संघ एक, रकाने चार.

अजून एक गोष्ट, ही कुणी विचारलेली नाही पण तुमच्या कामात ती सगळ्यात जास्त नडेल. हल्ली पासपोर्ट स्कॅन केला की देशाचा तीन अक्षरी कोड येतो. तो अंदाजाने वाचू नका. सीएचई म्हणजे चीन नव्हे, स्वित्झर्लंड. त्यांच्या लॅटिन नावावरून आलाय. चीन सीएचएन आणि चिली सीएचएल. एनजीए नायजेरिया, एनईआर नायजर. इंग्रजीत एकाचा नायजेरियन, दुसऱ्याचा नायजेरिएन, आणि पत्रात एका अक्षराने देश बदलतो. काँगो दोन आहेत, किन्शासाचा सीओडी आणि ब्राझाव्हिलचा सीओजी. दोन्हीकडचा माणूस काँगोलीजच. सुदान आणि दक्षिण सुदान २०११ पासून वेगळे. असं जिथे असेल तिथे विशेषणावर थांबू नका, देशाचं पूर्ण नाव लिहा. जर्मन पासपोर्टवर नुसतं 'डी' असतं, त्याने घाबरू नका. अमेरिकन पासपोर्टवर राष्ट्रीयत्वाच्या जागी 'अमेरिकन' नसतं, 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' असं देशाचं नावच छापलेलं असतं.

बाराखडी

काका, जहाजालाही राष्ट्रीयत्व असतं ना? क्रू लिस्टवर वर कुठेतरी लिहिलेलं असतं, असं माझा भाचा सांगत होता. तो जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशी व्हायचा, कोर्स करतोय.

डोलकाठी

असतं. ज्या देशाचा झेंडा लावायचा हक्क जहाजाला आहे, त्या देशाचं राष्ट्रीयत्व. समुद्राच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात ते स्पष्ट दिलंय. मालक ग्रीक, क्रू फिलिपिनो, माल ब्राझीलचा, आणि जहाज मात्र लायबेरियन, पनामेनियन नाहीतर मार्शलीज. मार्शल बेटांचा झेंडा जगभर दिसतो, म्हणून तो 'मार्शलीज' शब्द आमच्या कचेरीत सगळ्यांना तोंडपाठ. भाच्याला माझ्या शुभेच्छा सांगा. फिलिपिनोचं स्पेलिंग एफने आणि देशाचं पीएचने, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा. स्पॅनिश राजा फेलिपेच्या नावावरून देशाचं नाव पडलं. माणसाचा शब्द स्पॅनिशमधून तसाच आला, देशाचा इंग्रजी वळणाने. बोटीवर त्याचे बरेच सोबती तेच असतील, त्यांच्या देशाचं नाव तरी त्याने नीट लिहावं.

पळसपान

नमुना असा केलाय, बघून सांगाल का?

"मिस्टर अमुक, एज्ड फिफ्टी-टू, ॲन ओमानी नॅशनल, होल्डर ऑफ पासपोर्ट नंबर अमुक, विल बी अकम्पनीड बाय टू ओमानीज अटेंडंट्स."

चिनी, फ्रेंच, पोलिश कुणीही आला तरी नॅशनलच्या आधीचा शब्द तेवढा बदलायचा. नोंदणीच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाच्या शेजारी 'पासपोर्टप्रमाणे' असं कंसात छापायला सरांनी आणि मॅडमनी दोघांनीही होकार दिलाय. दुभाषांची यादी कालच बदलली.

डोलकाठी

उत्तम. फक्त 'टू ओमानीज अटेंडंट्स' मधला 'ज' काढा. पुढे अटेंडंट्स आहे, म्हणजे ओमानी इथे विशेषण झालं, आणि इंग्रजी विशेषणाला अनेकवचन नसतं. नुसतं 'टू ओमानीज' असतं तर 'ज' हवा होता. आणि ओमानीचा 'ओ' नेहमी कॅपिटल, विशेषण असलं तरी. आपल्या लिपीत हा प्रकारच नाही, त्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलांकडून हे हमखास सुटतं. टाइप करणाऱ्याला सांगून ठेवा.

पळसपान

केलं दुरुस्त. आणि आजच सेशेल्सहून एका बाईंची चौकशी आलीय. त्यांना काय लिहू?

डोलकाठी

सेशेल्वा. इंग्रजीत शेवटी 'ओआयएस' लिहितात, फ्रेंच वळणाचा शब्द आहे, म्हणून 'एस' उच्चारायचा नाही. एक बाई असो की दोन, रूप तेच. 'ए सेशेल्वा नॅशनल' लिहा. बाईंशी फोनवर बोलणं झालं की त्या स्वतः कसा उच्चार करतात तेही ऐकून घ्या.